मे महिन्यातला कळसूबाई

25 मे 2017. लातूर जिल्ह्यातलं निलंगा, दुपारचे बारा वाजत आलेले. हलगऱ्यात श्रमदान आणि शेतकऱ्यांच्या गाठीभेटी आटोपून मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस मुंबईला निघाले होते. राज्य सरकारचं सिकॉर्स्की एस-76 जातीचं हेलिकॉप्टर, दोन इंजिनं, दोन वैमानिक, चार प्रवासी. हेलिकॉप्टर उचललं, धुळीचा लोट उठला, थोडी उंची मिळाली, आणि मग पुढं सरकून वर चढण्याऐवजी ते खाली यायला लागलं. खाली येताना विजेच्या तारांत अडकलं आणि वस्तीला लागून कोसळलं. सहाही जण बचावले. यंत्राचा मात्र चुराडा झाला.

वारा सारखा बदलत होता, म्हणून वैमानिकांनी परत उतरायचं ठरवलं आणि उतरताना तारा लागल्या, असं त्याच दिवशी सांगण्यात आलं. तपास विमान अपघात तपास विभागाकडे, म्हणजे एएआयबीकडे गेला. पुढं हेलिकॉप्टरचं वजन, दुपारचं ऊन आणि मैदानाची निवड यांवर बरीच चर्चा झाली. यातला उन्हाचा मुद्दा अनेकांना नीटसा उमगला नाही. ऊन माणसाला लागतं, जनावराला लागतं. पाच टनांच्या यंत्राला ते कसं लागणार? या प्रकरणात त्याचाच शोध घ्यायचा आहे. हिमालयातल्या उंच हेलिपॅडवरून उडताना हेलिकॉप्टरं का पडतात, या प्रश्नाचं उत्तर अर्ध्याहून जास्त निलंग्याच्या मैदानावरच सापडतं.

हेलिकॉप्टर हवेला खाली ढकलून वर राहतं. त्याची लांब पाती फिरतात, वरची हवा ओढतात आणि खाली फेकतात. किती हवा फेकली आणि ती किती वेगानं फेकली, यावर किती वजन पेलेल ते ठरतं. इथं हवा मोजायची ती किलोत. समुद्रसपाटीला, 15 अंश तापमानाला एक घनमीटर हवेचं वजन सव्वा किलोच्या जरासं खाली भरतं. वर जावं तसं ते घटतं, कारण डोक्यावरच्या हवेचा दाब कमी होतो. आणि हवा तापली की ती पसरते, तेव्हाही तेवढ्याच जागेत कमी हवा मावते. पात्याला उंची कळत नाही आणि ऊनही कळत नाही. हाताला लागणारी हवा दाट आहे की विरळ, एवढंच त्याला कळतं. नांगरलेल्या भुसभुशीत रानातून डोक्यावर ओझं घेऊन चालताना पाय रुततो, तेवढंच अंतर तोडायला दम जास्त लागतो. विरळ हवेत रोटरची, म्हणजे या फिरत्या पात्यांच्या चक्राची, गत तशीच होते.

म्हणून वैमानिक नकाशावरच्या उंचीवर विसंबत नाहीत. ते डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे घनता-उंची काढतात: आज, या घटकेला, इथली हवा कोणत्या उंचीवरच्या हवेइतकी विरळ आहे? हिशेब अवघड नाही. जगभर एक मानक वातावरण धरलेलं आहे. समुद्रसपाटीला 15 अंश, आणि दर हजार मीटरला साडेसहा अंश कमी. प्रत्यक्ष तापमान या मानकापेक्षा जितके अंश जास्त, तितक्या अंशांमागे साधारण 36 मीटर उंची मिळवायची.

हा हिशेब निलंग्याला लावून पाहू. बालाघाटच्या पठाराचा हा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच. तिथलं मानक तापमान 11 अंश. मे महिन्याच्या दुपारी या पट्ट्यात 40 अंश ही नवलाई नाही. फरक 29 अंशांचा, म्हणजे जवळपास साडेदहाशे मीटर. ते 600 मध्ये मिळवले की घनता-उंची येते सुमारे 1,650 मीटर. कळसूबाईचं शिखर 1,646 मीटर आहे. मे महिन्याच्या भर दुपारी निलंग्याच्या मैदानावर उभं असलेलं हेलिकॉप्टर, हवेच्या हिशेबानं, मानक दिवशीच्या कळसूबाईच्या माथ्यावर उभं असतं. आसपास ना कडा असतो ना धुकं. असतो तो सपाट पांढरा उजेड, शामियाना आणि निरोपाला जमलेली माणसं. डोंगर दिसतच नाही, आणि मला यातला खरा धोका तोच वाटतो.

नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगरचं गणितही बघण्यासारखं आहे. नांदेडचा विमानतळ 381 मीटरवर आहे. पैनगंगेच्या अंगाला असलेलं हिमायतनगर त्याच घरातलं धरू. पारा 43 ला टेकलेल्या दुपारी, सभेसाठी शाळेच्या मैदानावर पाणी मारून, चुन्यानं मोठा एच काढून जो तात्पुरता हेलिपॅड तयार होतो, त्याची घनता-उंची 1,480 मीटरच्या आसपास निघते. म्हणजे महाबळेश्वरच्या विल्सन पॉइंटपेक्षा वर. मराठवाडा ही सपाट मुलुखाची जागा आहे, असं आपण समजतो. हेलिकॉप्टरपुरता हा मुलूख उन्हाळ्यात डोंगराळ होतो. पावसाळी दमट हवेत आणखी थोडी भर पडते, कारण पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते.

विरळ हवेनं नेमकं काय बिघडतं, ते आता पाहू. निलंग्याच्या उदाहरणात हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानानं सुमारे 15 टक्क्यांनी घटलेली असते. एका जागी अधांतरी थांबायला रोटरला लागणारी मुख्य ताकद त्यामुळं आठ टक्क्यांच्या आसपास वाढते. दुसरीकडं इंजिनालाही तीच हवा मिळते. टर्बाइन इंजिन हवा आत ओढतं, दाबतं, तिच्यात इंधन जाळतं. हवा विरळ म्हणजे जाळायला कमी. आणि ती आधीच तापलेली असल्यामुळं इंजिनाच्या आतलं तापमान मर्यादेला लवकर टेकतं. मागणी वाढते तेव्हाच पुरवठा आटतो. वैमानिकाच्या हाती उरलेली शिल्लक दोन्ही बाजूंनी कातरली जाते. त्यात वजन. वजन दहा टक्के वाढलं तर तरंगायची ही ताकद दहा टक्क्यांनी वाढत नाही, पंधरा टक्क्यांनी वाढते. थोडंसं सामान, अर्धी टाकी जास्तीचं तेल, ऐनवेळी चढलेला एक माणूस यांची किंमत मुंबईच्या जुहूला वेगळी आणि कळसूबाईएवढ्या उंचीवर वेगळी असते.

उड्डाणाची पहिली काही सेकंदं जवळून पाहण्यासारखी असतात. वैमानिकाच्या डाव्या हाताशी कलेक्टिव्ह नावाचा दांडा असतो. तो वर ओढला की सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढतो आणि हेलिकॉप्टर उचलतं. जमिनीपासून मीटर-दीड मीटर वर ते क्षणभर थांबतं. हा थांबा दिखाव्याचा नाही. खाली फेकलेल्या हवेला जमीन आडवी येते, ती मोकळेपणी खाली जाऊ शकत नाही, त्यामुळं इतक्या खाली तरंगायला कमी ताकद पुरते. वैमानिक याला ग्राउंड इफेक्ट म्हणतात. इथं थांबून ते टॉर्क, म्हणजे रोटर फिरवायला लागणारा जोर, आणि इंजिनाचं तापमान बघतात: मर्यादेपर्यंत अजून किती जागा आहे? काटा आत्ताच कडेला टेकला असेल, तर पुढं जायला शिल्लक नाही, असा त्याचा अर्थ. जमिनीचा हा टेकू रोटरच्या व्यासाएवढ्या उंचीपर्यंत कसाबसा पुरतो आणि मग संपतो. चारधामच्या मार्गावर दिसणाऱ्या बेल 407 चा रोटर पावणेअकरा मीटरचा आहे, एस-76 चा तेरा मीटरच्या वर.

यानंतर नाक किंचित खाली करून हेलिकॉप्टर पुढं सरकतं. ताशी तीस-चाळीस किलोमीटरचा वेग आला की रोटरला सारखी नवी, न ढवळलेली हवा मिळू लागते, ताकदीची गरज उतरते आणि यंत्र आपसूक वर उचललं जातं. हेलिकॉप्टरमध्ये बसलेल्या माणसाला त्या वेळी एक हलका थरकाप जाणवतो. जमिनीचा टेकू सुटला आहे आणि पुढच्या वेगाचा टेकू अजून मिळालेला नाही, हा मधला पट्टा सगळ्यांत उघडा. समुद्रकिनारी, थंड हवेत तो पट्टा कुणाच्या लक्षातही येत नाही. तापलेल्या किंवा उंच जागी मात्र हेलिकॉप्टर इथं खाली बसायला लागतं. ते बसतंय म्हणून वैमानिक कलेक्टिव्ह आणखी ओढतो. पात्यांचा कोन वाढतो, त्यांना हवेचा अडथळाही वाढतो, इंजिनाकडं द्यायला काही उरलेलं नसतं, आणि मग रोटरचे फेरेच कमी व्हायला लागतात. फेरे पाच टक्क्यांनी घटले तर उचल दहा टक्क्यांनी घटते, कारण उचल वेगाच्या वर्गावर चालते. तेव्हा जी हालचाल वाचवायला म्हणून केली, तीच बुडवते. यावर उपाय शिकवला जातो तो अंतःप्रेरणेच्या अगदी उलटा आहे: दांडा थोडा खाली सोडायचा, फेरे परत मिळवायचे. त्यासाठी खाली मोकळी जागा हवी.

आणि आपल्याकडं मोकळी जागा नसते. गावाबाहेरच्या 11 केव्ही लाइनच्या तारा जमिनीपासून सात-आठ मीटरवरून जातात. ग्राउंड इफेक्टचा टेकू विरत जातो तो याच उंचीला. ताकद कमी पडून हेलिकॉप्टर पुढं-खाली घसरतं, तेव्हा ते नेमकं तारांच्या पातळीत येतं. तारा आकाशाच्या पार्श्वभूमीवर, धुळीतून, वैमानिकाला बहुधा दिसतही नाहीत. तारा टाळायच्या तर सरळ उभं वर जावं लागतं, म्हणजे जमिनीचा टेकूही नाही आणि पुढच्या वेगाचाही नाही, पूर्ण ताकदीवर. म्हणून उडण्याच्या दिशेला चारशे-पाचशे मीटर मोकळं रान मिळणं आणि चारी बाजूंनी तारा-झाडांनी वेढलेलं मैदान मिळणं, यात त्याच वजनाचं, त्याच तापमानातलं उड्डाण सुखरूप किंवा जिवावरचं ठरू शकतं. वाऱ्याचंही तसंच. समोरून येणारा ताशी पंधरा किलोमीटरचा वारा फुकटचा वेग देतो. तोच वारा पाठीमागून आला की तेवढा वेग आधी फेडावा लागतो. दिशा सारखी बदलणारा वारा सगळ्यांत वाईट, कारण निम्मं उड्डाण झाल्यावर हिशेब फिरतो. मे महिन्याच्या दुपारी आपल्याकडं तापलेल्या जमिनीवरून जे वावटळीचे भोवरे उठतात, ते याच जातीचे.

शेपटीच्या छोट्या रोटरबद्दल फार कमी बोललं जातं. मोठा रोटर एका दिशेला फिरतो, त्यामुळं धड उलट दिशेला फिरू पाहतं; त्याला शेपटीचा रोटर धरून ठेवतो. तोही हवेवरच चालतो. विरळ हवेत मोठ्या रोटरला जास्त ताकद दिली की धडाची फिरायची ओढ वाढते, आणि तिला आवरणारा रोटर मात्र दुबळा झालेला असतो. पायाखालचं पेडल शेवटपर्यंत दाबूनही नाक वळतच राहतं. उंचावरच्या कित्येक अपघातांत हेलिकॉप्टर आधी स्वतःभोवती गिरकी घेतं, ते यामुळं.

आता केदारनाथ. नांदेड, हिंगोली, यवतमाळकडची माणसं दर उन्हाळ्यात जथ्यानं चारधामला जातात. हिमायतनगरहून नांदेड, तिथून सचखंड एक्सप्रेसनं दिल्ली, पुढं हरिद्वार, असा ओळखीचा रस्ता. गौरीकुंडापासून केदारनाथची चढण सोळा किलोमीटर. गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांसाठी मुलं फाटा, सिरसी किंवा गुप्तकाशीहून हेलिकॉप्टरचं तिकीट काढतात. आठ-दहा मिनिटांत मंदिराशी. केदारनाथ साधारण 3,580 मीटरवर आहे. तिथं मानक दिवशीसुद्धा हवेची घनता समुद्रसपाटीच्या सत्तर टक्के. जूनमधल्या स्वच्छ दुपारी पारा 15 अंशांवर गेला, तर मानकापेक्षा तो 23 अंशांनी जास्त होतो आणि घनता-उंची 4,400 मीटरच्या पुढं जाते. माणसाला तिथं स्वेटर लागतो. रोटरच्या लेखी तो कडक उन्हाळा असतो.

यावरचा सरळ उपाय म्हणजे पहाटे उडणं. हवा थंड असते, म्हणून दाट असते, दरीतले वारे अजून जागे झालेले नसतात. फेऱ्या उजाडताच सुरू होतात त्या म्हणूनच. पण हिमालयातल्या अरुंद दऱ्यांत पहाटेच ढग खाली बसलेले असतात. 15 जून 2025 ला पहाटे साडेपाचच्या सुमारास केदारनाथहून गुप्तकाशीला निघालेलं बेल 407 गौरीकुंडाजवळच्या जंगलात कोसळलं आणि वैमानिकासह सातही जण गेले. त्यांत यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचं एक कुटुंब होतं. आई, बाप आणि दोन वर्षांचीही न झालेली मुलगी. ढगांमुळं समोरचं दिसत नव्हतं, असं प्राथमिक माहितीत आलं. त्याआधी 18 ऑक्टोबर 2022 ला याच कंपनीचं, याच जातीचं हेलिकॉप्टर केदारनाथहून निघाल्यावर गरुडचट्टीजवळ पडलं होतं; तेव्हाही सातच जण आणि तेव्हाही खराब हवामान. वणीचं ते कुटुंब परतीच्या प्रवासात होतं, ही गोष्ट मनातून जात नाही. मंदिराचं दर्शन झालेलं, अवघड टप्पा संपला असं वाटण्याची ती वेळ.

हे अपघात निव्वळ विरळ हवेचे नव्हते, हे इथं स्पष्ट करायला हवं. पण विरळ हवा ढगातल्या वैमानिकाचे पर्याय कापते. निम्म्या दरीत समोर पांढरं दिसलं, तर सपाटीवरचा वैमानिक जागीच थांबू शकतो, उभा वर जाऊ शकतो, घट्ट वळण घेऊन मागं फिरू शकतो. साडेतीन हजार मीटरवर, भरलेल्या एका इंजिनाच्या हेलिकॉप्टरला टेकूशिवाय थांबणंच परवडत नाही. त्याला वेग राखत पुढं जावं लागतं, आणि दरी अरुंद असते.

इतक्या उंचीवर हेलिकॉप्टर चालवताच येत नाही, असं मात्र नाही. फ्रान्सचं लामा हेलिकॉप्टर भारतीय सैन्याच्या गरजेसाठीच घडवलं गेलं. 1969 मध्ये हिमालयातल्या चाचण्यांत ते दोन माणसं आणि 120 किलो इंधन घेऊन 7,500 मीटरवर उतरलं आणि परत उडालं. हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं तेच 'चीता' या नावानं बनवलं. 21 जून 1972 ला जाँ बुले यांनी लामाच 12,442 मीटरवर नेलं. वरती इंजिन विझलं आणि ते वाऱ्यावर फिरणाऱ्या पात्यांच्या जोरावर इंजिनाविना खाली आले. 14 मे 2005 ला दिदिए देलसाल यांनी एएस-350 बी-3 हे हलकं हेलिकॉप्टर एव्हरेस्टच्या माथ्यावर टेकवलं. आपल्या लष्कराचे हेलिकॉप्टर वैमानिक नाशिकच्या गांधीनगर तळावर शिकतात आणि त्यांतले कित्येक पुढं सियाचीनवर चीता चालवतात. या सगळ्यांमध्ये एकच समान धागा आहे: वजन. देलसाल एकटे होते आणि यंत्रातून काढता येईल ते सामान त्यांनी काढून ठेवलं होतं. सियाचीनच्या सगळ्यांत वरच्या चौक्यांवर चीता एखादा रॉकेलचा जेरीकॅन टाकायला फेरी मारतं. टनभर ओढायची ऐपत असलेलं यंत्र तिथं वीस-पंचवीस किलोंसाठी जातं, आणि तो सौदा बरोबर असतो.

केदारनाथच्या हेलिपॅडवर प्रवाशाचं वजन करतात, सोबत दोन-चार किलोंपलीकडं पिशवी घेऊ देत नाहीत, जादा वजनाचे पैसे लावतात. यात्रेकरू यावर वैतागतात. त्या काट्यावरचा आकडा लपवू नये, पिशवीतल्या गंगाजलाच्या बाटल्यांसाठी हुज्जत घालू नये, आणि वैमानिकानं एका माणसाला पुढच्या फेरीत या म्हटलं तर त्याच्या अंगावर धावून जाऊ नये. तो समोरच्या काट्यावर बघून बोलत असतो.

मराठवाड्यातल्या दौऱ्यांत असा काटा कुणी मांडत नाही. हेलिपॅडची जागा सार्वजनिक बांधकाम विभागाचा अभियंता, तहसीलदार आणि पोलीस मिळून ठरवतात. मैदान सभेच्या जवळ हवं, बंदोबस्ताला सोपं हवं, हे विचार पुढं असतात. जमीन कडक आहे का, धूळ किती, तारा कुठून गेल्यात, हे पाहिलं जातं. पण उडायच्या वेळी तापमान किती असेल आणि त्या तापमानाला तारांवरून पार व्हायला किती वजन चालेल, हा प्रश्न जागा पाहतानाच वैमानिकाला विचारायला हवा. सभा लांबली की उड्डाण दहाचं बाराला जातं, आणि तेवढ्यात पारा बराच वर चढलेला असतो. सकाळी आणलेलं तेल, माणसं आणि हारतुरे मात्र तेवढेच. मे महिन्यात सकाळी सातला हिमायतनगरात 27-28 अंश असतात. तेव्हाची घनता-उंची साडेनऊशे मीटरच्या आत राहते. त्याच मैदानावर, त्याच दिवशी, दुपारी दोनला ती 1,480 असते. मधे पाचशेहून जास्त मीटर वाढलेले असतात, आणि हेलिकॉप्टर जागचं हललेलंही नसतं.